उसने ओठ

चित्रावरची चादर काढायच्या आधी सगळ्यांनी हात धुवायचे, हा बाबांचा नियम त्यांच्या माघारीही मोडला नव्हता. घरातलं शेंडेफळ सहा वर्षांचं असताना त्यानं ओल्या चित्राला अंगठा टेकवला होता. वाचनालयाच्या भिंतीवर लावलेल्या घड्याळजींच्या चित्रात, नाकावर तो अंगठा अजून आहे. बाबांनी पुसू दिला नाही. "लागला तो लागला," म्हणाले, "आता तोही खरा."

बोलतीनं नळाखाली हात धरले आणि धरूनच ठेवले.

"हौद भरायचाय का?" मागून नवरा म्हणाला. त्याच्या बाहीवर लाकडाचा भुसा होता. चौकट सकाळीच जोडून झाली होती.

"झालं हो."

"कसलं एवढं टेन्शन घेतलंयस? चित्र ताईनं काढलंय, तू नाही."

तिनं नळ बंद केला. सगळं गाव तिला बोलती म्हणून ओळखे. या घरात एक माणूस चित्र काढतं, एक चौकट करतं आणि तिसरं बोलतं. समोर बसवलेल्या माणसाचा चेहरा अर्ध्या तासात विझतो, तो जागता ठेवायला कुणीतरी गप्पा मारणारं लागतं. आधी ते काम सासूबाईंकडे होतं. "आम्ही सून आणली ती रूप बघून नाही, तोंड चालतं का ते बघून," असं त्या आल्यागेल्याला सांगत, आणि सगळे हसून झाले की हळूच जोडत, "पण इथला शब्द बाहेर नेत नाही हो ती." त्या मागच्या वाक्याची लाज राखत बोलतीनं संसार केला होता. बसणारी माणसं तिच्याजवळ काय काय बोलून जात. ते तिच्यापाशीच राही.

दुसरंही एक पथ्य होतं. चित्र पुरं होईपर्यंत बोलतीनं कॅनव्हासकडे बघायचं नाही, कारण बसणारा माणूस तिच्याच चेहऱ्यावर निकाल वाचत असतो. म्हणून आजचं, शिट्टीबाईंचं चित्र तिनं अजून पाहिलं नव्हतं. आणि म्हणूनच आज तिला ती चादर निघायची धास्ती होती.

कारण तिला एक गोष्ट माहीत होती आणि बाकी कुणाला नव्हती.

वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, हल्ली माणसाच्या कानाकडे बघून बोलत. गावात कुजबुज होती की नाव झालं तशा ताई चढल्या, डोळ्याला डोळा देत नाहीत. बोलतीला खरं काय ते कळलं ते शिट्टीबाई बसायला यायला लागल्यावर. त्या समोर बसलेल्या, उत्तरेच्या खिडकीतून भरपूर उजेड येतोय, आणि वन्संनी मधेच विचारलं, "दोरी निळीच आहे ना गं शिट्टीची?" दोरी हातभर अंतरावर होती. त्या संध्याकाळी ब्रश धुताना वन्संनीच सांगून टाकलं. "जिथं बघेन तिथं भोक पडतं. बरोबर मधोमध. कडेचं सगळं दिसतं, बघते तेवढंच जातं. डॉक्टर म्हणतात, वाढत जाणार." मग जरा थांबून, "हे पुरं करू दे मला. कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगणार."

"माझ्या भावालाही नाही."

"ह्यांनाही नाही."

शब्द दिला तेव्हा तो हलका वाटला होता. मग तो रोज सकाळी तिच्या आधी उठायला लागला.

दुसरं कुणाचं चित्र असतं तर एवढी धास्ती नव्हती. शिट्टीबाई म्हणजे शाळेपुढच्या चौकात हात वर करून उभ्या राहणाऱ्या बाई. अर्ध्या गावानं त्यांच्या हाताखालून रस्ता ओलांडला होता आणि आता त्यांची पोरं ओलांडत होती. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांच्या चेहऱ्याला लकवा मारला. उजवी बाजू लोंबली, तोंड डावीकडे ओढलं गेलं. शिट्टी धरेना, सगळी हवा फुस्स. महिनाभर घरी बसल्या आणि मग शिट्टी डाव्या कोपऱ्यात धरायला शिकून परत उभ्या राहिल्या. तेव्हापासून शिट्टीचा आवाज बारीक येतो, पण पोरं त्यावरही थांबतात. फक्त तोंडावर कायम मफलर. उन्हाळ्यातही.

वाचनालयाच्या भिंतीसाठी त्यांचं नाव निघालं तेव्हा त्या दोनदा नाही म्हणाल्या. त्या भिंतीवर गावातली साधी माणसं लागतात, आजवर एकही नगराध्यक्ष गेलेला नाही. किल्ल्या करणारा आहे, बॉयलरवाला आहे, टपाल वाटणारी आहे, तीही नाकावरच्या मसासकट. किल्लीवाल्याची बायको त्याच्या माघारी दर आठवड्याला येऊन समोर बसते. "घरातल्या फोटोत हे हसतात," ती एकदा बोलतीला म्हणाली होती. "इथं माझ्यावर वैतागलेत. मी त्यासाठी येते." म्हणून तिसऱ्या खेपेला शिट्टीबाई स्वतःच आल्या. मफलर न सोडता दारातच म्हणाल्या, "तुम्ही खोटं काढत नाही म्हणतात. आरशात मी अर्धं तोंड झाकून बघते. एकदा पूर्ण बघायचंय. तुम्ही काढाल तर बघेन."

उद्या सकाळी शाळा भरायच्या आधी ते चित्र भिंतीवर लागायचं होतं. आणि या घरात ओठ सगळ्यांत शेवटी काढतात.

"या रे सगळे," आतून वन्संचा आवाज आला.

*

वन्सं रिवाजाप्रमाणे चित्राकडे पाठ करून बसल्या होत्या, मांडीवर हात, अंगठ्याच्या नखात रंग. चित्रातलं खोटं घरच्यांनी सांगायचं आणि काढणाऱ्यानं उलटून बोलायचं नाही, अशी पद्धत. सुरुवात सगळ्यांत लहानापासून, म्हणजे मोठ्यांच्या हो ला हो होत नाही.

भाऊजींनी, म्हणजे त्या अंगठेवाल्या शेंडेफळानं, चादर ओढली.

पहिल्यांदा दिसला तो हात. वर केलेला, तळवा पुढे, बोटांच्या पेरांवर थंडीनं फुटलेल्या रेघा. बोलतीचे पाय नकळत थांबले. रस्ता ओलांडताना थांबावेत तसे. मग कानाची पाळी, वाऱ्यानं सुटलेले करडे केस, मानेवरून गेलेली निळी दोरी आणि तिनं कॉलरला पाडलेली घडी. असं काम वन्संच्या हातून उमेदीतही झालं नव्हतं. बोलतीनं सुटकेचा श्वास घेतला.

आणि मग तिची नजर मधे गेली.

ओठ सरळ होते. दोन्ही कोपरे समान, खालचा ओठ जरा भरीव, त्याच्या मधोमध तांदळाएवढा खळगा. इतकी वर्षं तिनं तो खळगा समोरासमोर पाहिला होता, भांडताना पाहिला होता आणि शेवटच्या दिवशी पाणी पाजताना पाहिला होता. ते सासूबाईंचे ओठ होते.

तिनं इतरांकडे पाहिलं. तिला जे दिसलं ते बाकीच्यांना तिच्याआधी दिसलं होतं. दिसणारच. या घरातलं प्रत्येक पोर आईच्या ओठांवर शिकलं. वर्षभर दुसरं काही काढू द्यायचे नाहीत. आई शेंगा सोलत बसायची आणि पोरं तिच्याभोवती कोंडाळं करून नुसते ओठ काढायची. चौकटवाल्याला ते डोळे मिटून काढता येत, भाऊजींना येत, आणि भाऊजींच्या लेकीला, चिमणीलाही येत. वन्संना दिसलं नाही तिथं त्यांच्या हातानं जे पाठ होतं ते लिहून टाकलं होतं.

"बोला," वन्सं म्हणाल्या. "चिमणे, तू आधी."

चिमणी आता चांगली पंचविशीची, स्वतः चित्रं काढणारी. तिनं ओठांवरून नजर काढली. "आत्या... कॉलर. कॉलरची सावली जरा गडद झालीय."

"हं. पुढे?"

"मला काही नाही दिसत बुवा," भाऊजी नको तेवढ्या मोठ्यानं म्हणाले. "झकास. हात तर असा आलाय की गाडी थांबेल."

"तू?" हे मधल्या भावाला, बोलतीच्या नवऱ्याला.

"चौकट जरा अरुंद घेतली मी."

"चौकटीचं कोण विचारतंय?"

"मग काही नाही, ताई."

वन्संचा अंगठा दुसऱ्या हाताच्या नखावरून फिरत राहिला. "आणि बोलती?"

"मी... चहा उतू जाईल, वन्सं. आलेच."

गॅसवर चहा ठेवलेलाच नव्हता.

*

स्वयंपाकघरात ती पोहोचते न पोहोचते तोच तिघंही मागे आले. भाऊजींनी दार लोटलं.

"आईचे ओठ आहेत ते," ते दबक्या आवाजात म्हणाले. "आईचे! ताईला झालंय काय?"

"हळू," नवरा म्हणाला.

"हळूच बोलतोय. उद्या त्या बाई येणार, मफलर सोडणार आणि बघणार काय, तर दुसऱ्याच बाईचं तोंड. लोक म्हणतील, यांनी वाकडं तोंड सरळ करून दिलं. आजवर कुणाचा मस सोडला नाही आणि आता मेहेरबानी करायला लागले. संपली भिंत."

"मग काय करायचं म्हणतोस?"

"माझ्याकडे फोटो आहे त्यांचा. बसल्या होत्या तेव्हा सहज काढून ठेवलेला, झकास स्पष्ट आहे. ताई दुपारची पडते. रंग ओला आहे. चिमणी तासाभरात ओठ फिरवेल. कुणाला पत्ता लागणार नाही."

"बाबा, मी नाही हं," चिमणी म्हणाली.

"का? हात येतो ना तुझा?"

"येतो म्हणूनच नाही. चोरून नाही. आणि फोटोवरून तर नाहीच. त्या फोटोत घाबरल्यात हो. तुम्ही कॅमेरा काढला की घाबरतातच त्या."

"म्हणजे माझाच कॅमेरा वाईट! दरवेळी तेच. या घरात फोटो म्हणजे जणू चोरीचा माल."

"दुसऱ्याच्या चित्राला हात लावायचा नाही," नवरा म्हणाला. त्याच्या बोलण्यात बाबा डोकावले.

"दादा, तो नियम ताईचे हात धड होते तेव्हाचा."

"हात धडच आहेत. तो वर केलेला हात बघितलास ना? हाताला काही झालेलं नाही. झालंय ते..." तो बोलता बोलता थांबला. त्यानं हळूहळू मान वळवली आणि बायकोकडे पाहिलं. "कानाकडे बघते ती. माझ्याही."

बोलती पातेल्यात पाणी ओतत होती. ते थोडं बाहेर सांडलं.

"तुला माहीत होतं."

बोलती फडकं घेऊन सांडलेलं पाणी पुसायला लागली.

"काकू?" चिमणी म्हणाली.

"शब्द दिला होता," ती शेवटी म्हणाली.

"मला सांगायचं नाही असा?" नवऱ्याचा आवाज चढला नाही, उलट उतरला. ते जास्त लागलं. "रोज शेजारी बसून जेवतो आपण. मी चौकट केली गं तिच्या चित्राला. विचारत होतो, तब्येत का उतरलीय तिची. तू म्हणालीस, ऊन बाधलं असेल."

"हो, म्हणाले."

"वाटलं तरी काय तुला? आम्ही तिला उचलून अडगळीत टाकू?"

"तुम्ही नाही हो. पण त्यांना तसंच वाटत होतं. मी त्यांचं ऐकलं. एवढी एकच गोष्ट त्यांनी कधी माझ्याकडे मागितली."

"वहिनी," भाऊजी मधे पडले, आणि आता त्यांचा सूर मऊ होता, कारण त्यांना तिची गरज होती, "मग तर माझंच बरोबर. तिला कळूच द्यायचं नाही. तुम्ही आत जाऊन एक वाक्य बोला, की काही खोटं नाही. तुमचं ती मानते. बाकीचं मी बघतो."

देवा, किती सोपं होतं. एक वाक्य. बोलतीनं आजवर कितीतरी वाक्यं नुसती चेहरा जागा राहावा म्हणून फेकली होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"अजून एक पाळी राहिलीय," पलीकडून वन्संचा आवाज आला. "आणि या घरातली दारं पातळ आहेत, हे सांगितलं होतं का कुणी तुम्हाला?"

*

वन्सं तशाच पाठमोऱ्या बसल्या होत्या.

"तुम्ही ऐकलंत सगळं?" बोलतीनं विचारलं.

"सगळं नाही. पण चिमणीनं कॉलर सांगितली तेव्हाच ओळखलं. ओठ काढून झालेत आणि ओठांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, म्हणजे काहीतरी भलतंच झालंय. तुझी पाळी आहे. सांग."

बोलती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, म्हणजे निदान तिचा आवाज सरळ त्यांच्या तोंडावर पडावा. "ओठ सासूबाईंचे आहेत, वन्सं. सरळ आहेत. खळग्यासकट."

 वन्संचा खालचा ओठ जरासा आत गेला. तोही तसाच होता, खळगावाला.

"वाटलंच मला," त्या म्हणाल्या. "हात फार सहज चालला त्या दिवशी. एवढा सहज चालला तेव्हाच थांबायला हवं होतं."

"ताई..." मधला भाऊ पुढे आला.

"तू तिला ओरडलास का रे?"

"नाही."

"ओरडायचं तर मला. दिलेला शब्द पाळला तिनं, गुन्हा नाही केला."

तेवढ्यात बेल वाजली. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. भाऊजींनी झटकन चादर उचलली, पण घाईत टाकली तर ओल्या रंगाला चिकटेल म्हणून तशीच धरून राहिले. दारात शिट्टीबाई उभ्या होत्या, तोंडावर मफलर, शाळा सुटल्याबरोबर थेट चौकातून आलेल्या.

"उद्या सगळ्यांसमोर पहिल्यांदा बघायला धीर होईना," त्या म्हणाल्या. "म्हटलं आजच एकटीनं बघावं. चालेल ना?"

 उत्तराची वाट न बघता त्या आत आल्या आणि चित्रासमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ. त्यांचा उजवा डोळा नीट मिटत नसे, त्यातून पाणी येई. ते आताही आलं, म्हणून रडू कुठलं आणि दुखणं कुठलं ते कळेना.

"सरळ आहे," त्या म्हणाल्या.

"बाई, चूक झाली," वन्संनी सुरुवात केली.

"नाही, नाही. असू दे." त्यांनी घाईघाईनं हात वर केला, तोच चौकातला हात. "चांगलं दिसतंय. मी म्हणाले होते पूर्ण बघायचंय म्हणून, पण... असंच राहू दे ना. कुणाचं काय जातं?"

भाऊजींनी विजयी नजरेनं भावाकडे पाहिलं. बसणाऱ्या बाई स्वतःच राजी, मग काझी कशाला हवा! चिमणीनं खाली मान घातली. बोलतीला वाटलं, खरंच, असू दे. कुणाचं काय जातं? वन्संची लाज राहील, बाईंची राहील, भिंत राहील. तिनं वन्संकडे पाहिलं आणि तिला कळलं की वन्संच्याही मनात तेच येऊन गेलंय.

वन्सं उठल्या. वाटेतल्या स्टुलाला चुकवून, कडेनं बघत, चित्रापाशी आल्या.

"ते तोंड माझ्या आईचं आहे, बाई. मला डोळ्यांनी मधलं दिसत नाही. हातानं मला फसवलं."  "आईचं तोंड मी तुम्हाला आनंदानं दिलं असतं. पण उद्या सकाळी तुम्ही शिट्टी वाजवाल, पोरं तुमच्याकडे बघतील, मग भिंतीकडे बघतील. त्यांना वाटेल, खरं तोंड ते, आणि चौकातलं बिघडलेलं. तुम्हीही उद्यापासून दुसरा मफलर घ्याल."

 शिट्टीबाई कॅनव्हासवरच्या त्या ओठांकडे बघत होत्या, दुकानातली न परवडणारी वस्तू परत ठेवताना बघावं तसं.

"आई सुंदर होत्या तुमच्या," त्या म्हणाल्या.

"होती. फार बोलायची."

वन्संनी हात पुढे केला. मधल्या भावानं न सांगता त्यांच्या हातात सुरी दिली, पातळ पात्याची, रंग खरवडायची. त्यांनी डाव्या हातानं कॅनव्हास चाचपून जागा शोधली, गालापासून बोटं मोजत यावं तशी, आणि एका ओढीत ओठ काढले. मग फडक्यानं टिपले. फडक्यावर गुलाबी-तपकिरी डाग उमटला. वन्संनी ते फडकं टाकायला बाजूला केलं, तर भाऊजींनी ते मधेच घेतलं, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. रंग लागेल, असं कुणी त्यांना म्हणालं नाही.

"चिमणे, ब्रश घे."

"आत्या, मी?"

"चोरून नाही म्हणालीस ना? मग उजेडात कर. उजेड आहे तोवर."

"पण दुसऱ्याच्या चित्राला हात..." मधला भाऊ म्हणाला आणि थांबला.

"मी देतेय हात. बाबांना मी सांगेन वर गेल्यावर."

शिट्टीबाई खुर्चीत बसल्या. मफलर सोडताना त्यांची बोटं गाठीत अडकली, ती बोलतीनं सोडवली. सवयीनं ती आपल्या स्टुलाकडे वळली, तर त्यावर वन्सं बसलेल्या.

"ते माझं..." बोलती म्हणाली.

"आता माझं. तू खूप बोललीस. बोलायला मधलं दिसावं लागत नाही." वन्संनी घसा साफ केला. त्यांना गप्पा मारता येत नसत, सगळ्या घराला माहीत होतं. "तर बाई... आज गाड्या किती होत्या रस्त्यावर?"

"नेहमीइतक्या."

"बरं."

 चिमणीचा ब्रश हवेत थांबलेला. शिट्टीबाईंचा चेहरा हळूहळू विझायला लागला. बोलतीच्या जिभेवर दहा गोष्टी आल्या, तिनं त्या गिळल्या. तिला बसायला जागाच नव्हती, म्हणून ती चिमणीच्या मागे जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती या बाजूला उभी होती. कॅनव्हासवर ओठांच्या जागी नुसता राखी पट्टा होता आणि त्याच्याभोवती सगळी बाई जिवंत.

"मला एक सांगा," वन्संनी शिट्टीबाईंच्या कानाकडे बघत गंभीरपणे विचारलं, "मी आत्ता तुमच्याशीच बोलतेय ना? का कपाटाशी?"

शिट्टीबाई फिस्सकन हसल्या. उजवी बाजू होती तिथंच राहिली आणि सगळं हसू डावीकडे धावलं, गालात एक खोल आडवी घडी पडली. ती कुणी आजवर पाहिलेली नव्हती, कारण त्या कायम मफलरच्या आत हसत.

वन्संनी मान वळवली, जिथं बोलतीचा श्वास ऐकू येत होता तिकडे. "सांग. कुठं गेलं?"

"डावीकडे, वन्सं. पार कानापर्यंत."

"मग काढ गं चिमणे," वन्सं म्हणाल्या, "थांबलीस कशाला?"